नाल्यावरची फळी: वस्तीच्या नकाशासाठी दोन दिवसांची पायपीट

आम्ही 11 विद्यार्थी आणि सोबत आमच्या भूगोलाच्या बाई. वस्तीतली घरं उपग्रहचित्रावरून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा खुल्या नकाशावर, आधीच काढून ठेवली होती. आता जायचं आणि गल्ल्यांची नावं भरायची, एवढंच काम उरलंय असं वाटत होतं.

पहिल्याच वळणावर चित्रातला सरळ रस्ता उघडा नाला निघाला. त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. नळावर पाणी भरणाऱ्या आजी म्हणाल्या, "घरं कसली मोजताय बाळांनो? ही फळी पावसात वाहून जाते, ते लिहा. मग दवाखान्याला केवढा वळसा पडतो!"

तो वळसा आम्ही त्यांच्याबरोबर चालून पाहिला. 22 मिनिटं लागली. फळीवरून गेलं की 3.

त्यानंतर गल्ल्यांची नावं मागे पडली. नळ, पायऱ्या, पाणी तुंबणाऱ्या जागा, चाकाची खुर्ची जाईल न जाईल असे रस्ते, हेच टिपत गेलो. 2010 च्या हैती भूकंपात स्वयंसेवकांनी घरबसल्या उपग्रहचित्रांवरून पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते काढले होते. दुरून तेवढं नक्की होतं. पण नळ कोरडा आहे की वाहता, हे तिथं गेल्याशिवाय कळत नाही.

तुम्ही जाणार असाल तर त्या भागाचा नकाशा ऑस्मअँड या इंटरनेटशिवाय चालणाऱ्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये आधीच उतरवून घ्या आणि कागदावर छापूनही न्या. फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली 5 मीटरच्या आसपास अचूक असतो, दाटीच्या गल्लीत मात्र खूप भरकटतो. तिथं कागदावर "कोपऱ्यापासून तिसरं दार" असं लिहिलेलंच कामी येतं. नळ दिसला की लगेच पिण्याच्या पाण्याचा टॅग, म्हणजे नकाशातली खूण, लावू नका. लोक ते पाणी पितात का, हे विचारा. नुसत्या नळाचा टॅग वेगळा आहे. गूगल मॅप्समध्ये बघून नावं भरायची नाहीत, गूगलच्या परवान्यात ते बसत नाही. घरमालकांची नावं आणि लोकांचे चेहरे खुल्या नकाशात जाता कामा नयेत. आणि कितीही दमलात तरी नोंदी त्याच रात्री भरा, दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर लागत नाही.

दुसऱ्या संध्याकाळी मोठ्या कागदावर नकाशा छापून वस्तीत नेला. आजींनी गल्लीच्या भलत्याच बाजूला पडलेले दोन नळ दाखवून दिले. मग पेन मागून घेतलं आणि नाल्यावरची फळी दोनदा गिरवली. पुलाच्या मागणीच्या अर्जाला तोच कागद जोडला आहे.