पुलाखालून हेलिकॉप्टर: फीत जमली, छप्पर नाही

मंडळी, मागच्या वेळी बांबूंच्या फाटकाला बांधलेल्या फितीखालून रिमोटच्या हेलिकॉप्टरच्या सलग सहा फेऱ्या काढल्या म्हणून शेखी मिरवली होती. ती परत घेतो.

नव्या लोकांसाठी थोडक्यात: 'टर्मिनेटर २' (१९९१) मध्ये बेल जेटरेंजर हेलिकॉप्टर हायवेच्या पुलाखालून सुसाट जातं, ते मला माझ्या ४५० साइझच्या रिमोटवरच्या मॉडेलने करून बघायचंय. तो शॉट कॉम्प्युटरवर बनवलेला नाही. चार्ल्स टॅम्बुरो नावाच्या पायलटने हेलिकॉप्टर खरोखर पुलाखालून नेलं, आणि कॅमेऱ्याच्या लोकांनी नको म्हटल्यावर जेम्स कॅमेरॉनने स्वतः कॅमेरा धरला. गंमत म्हणजे खलनायक ज्याला 'बाहेर हो' म्हणतो आणि जो मुकाट उडी मारतो, तो पोलीस पायलटही टॅम्बुरोच.

जेटरेंजरच्या मुख्य रोटरचा (डोक्यावरच्या फिरत्या पात्यांचा) व्यास १०.१६ मीटर, माझा ७० सेंटिमीटर. म्हणजे साडेचौदा पट लहान. त्या हिशेबाने बॉडी २० सेंटिमीटर उंच भरते. फाटक सध्या ९० सेंटिमीटर उंच आहे, पोचायचंय ४० ला.

मी राहतो नाशिकला, उपनगर नावाच्या भागात. शेजारी गांधीनगरचं आर्मी एव्हिएशनचं ट्रेनिंग स्कूल, चेतक-चीता हेलिकॉप्टरांचा आवाज ऐकतच लहानाचा मोठा झालो. साहजिकच तिथे काही उडवायचं नावही काढायचं नाही. त्यामुळे दर रविवारी दिंडोरीकडे मामांच्या माळावर. मामांचा प्रश्न ठरलेला: "याने बागेची फवारणी होती का रे?" नाही होत म्हटलं की त्यांचा रस संपतो.

तर या रविवारी फीत काढून बांबूंवर चार फुटी थर्माकोलचं छप्पर टाकलं (बंदीच्या आधीच्या मखराचं, माळ्यावर पडून होतं). पहिल्यांदा घाबरत, चालण्याच्या वेगाने आत घातलं. निम्म्यात पोचेपर्यंत हेलिकॉप्टर आपोआप वर चढलं आणि छप्पर खाऊन टाकलं. मला वाटलं कलेक्टिव्हवर (वर-खाली नेणाऱ्या दांडीवर) अंगठा जास्त पडला. दुसऱ्यांदा मुद्दाम पिच (पात्यांचा कल) कमी ठेवून गेलो, तरी तेच. माळावर बर्फ पडल्यासारखा चुरा!

घरी बसून विचार केल्यावर उलगडलं. जमिनीजवळ रोटरला ग्राउंड इफेक्टचा टेकू मिळतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण डोक्यावर छप्पर असलं की उलटाही खेळ होतो: रोटरला वरून हवा नीट मिळत नाही, मधला दाब उतरतो आणि रोटर छपराकडे ओढला जातो. फितीला छप्परच नव्हतं, म्हणून त्या सहा फेऱ्या फुकटच्या.

आणि हळू जाणं ही माझी खरी चूक. ताशी साडेतीन किलोमीटरने चार फूट पार करायला सव्वा सेकंद लागतो. तेवढा वेळ ओढ लागत राहते, शिवाय खाली आदळलेला वारा बाजूंनी फिरून परत रोटरमध्ये येतो. ताशी १८ ने गेलं तर पाव सेकंदात बाहेर, स्वतःचा वारा मागे टाकून. एवढी वर्षं पडद्यावरचा तो वेग मला निव्वळ थरारासाठी वाटायचा. आता वाटतं, पुलाखाली रेंगाळण्यापेक्षा तोच बरा.

त्या दिवशीच तिसरी फेरी काढली असती, पण चुरा टेल रोटरमध्ये (शेपटाच्या पंख्यात) गेला होता. जमिनीपासून हातभर उंचीवर गिरक्या सुरू झाल्या, थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा खटका) मारला आणि आडवं पडलं. इथे मात्र हसू आलं नाही. १९८२ मध्ये 'ट्वायलाइट झोन'च्या शूटिंगमध्ये स्फोटांमुळे टेल रोटर निकामी होऊन हेलिकॉप्टर खाली आलं आणि एक नट व दोन लहान मुलं गेली. आपलं खेळणं असलं तरी पातं ते पातंच. मामेभाऊ फाटकाशेजारी बसून मोबाइलवर शूट करायचा, ते बंद. तिथे आता ट्रायपॉड, आणि आम्ही दोघं ट्रॅक्टरच्या मागे.

नुकसान: पाती धरणारा फेदरिंग शाफ्ट वाकला, टेल ब्लेडची जोडी गेली, एका सर्वोचे (छोट्या नियंत्रण मोटरचे) गिअर करकरतायत. छपराला आता शेडनेट नको, त्यातून हवा जाते. जुना फ्लेक्स ताणून बांधतो, म्हणजे धडकलं तरी चुरा नाही. सामान यायला आठवडा तरी लागेल. तोवर मामांनी फाटकाचे बांबू टोमॅटोला लावले नाहीत म्हणजे मिळवली.