शिट्टीनंतर वाटी, वाटीनंतर काय?

दीड-दोन वर्षांच्या मुलाला साडेआठ म्हणजे काय ते कळत नाही. ‘पाच मिनिटांत निघायचंय’ यातली पाच मिनिटं त्याच्या कानावरून जातात आणि ‘निघायचंय’ तेवढं उरतं, तेही मनात आलं तर. पण कुकरची शिट्टी झाली की थोड्या वेळाने आपली वाटी येते, कचरेवाल्या मावशींची बेल वाजली की आजोबा डबा घेऊन दाराकडे जातात, देवापुढे दिवा लागला की खिडकीबाहेर अंधार पडत असतो, हे सगळं त्याला चोख ठाऊक असतं. कशानंतर काय, याचा त्याचा हिशेब आपल्यापेक्षा पक्का. एखाद्या दिवशी आजोबांऐवजी बाबा डबा घेऊन निघाले तर घर डोक्यावर घेतलं जातं ते त्यामुळेच.

घरात शिस्त लावायची ठरली की लोक आधी वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवतात. मोठ्यांच्या समाधानाला ते ठीक आहे. ठाण्यात किंवा नव्या मुंबईत मात्र सकाळ आपल्या हातात नसतेच. पाणी कधी सोडायचं ते सोसायटी ठरवते, कधी निघायचं ते रेल्वे ठरवते, आणि कायम कोंडी असलेल्या घोडबंदर रोडला राहत असाल तर परत कधी यायचं ते कोणीच ठरवू शकत नाही. अशा घरात ‘सात वाजता आंघोळ’ चार दिवस टिकते. ‘दूध झालं की शू, शू झाली की दात, दात झाले की आंघोळ’ हे टिकून राहतं, मग सुरुवात सातला होवो की पावणेआठला.

हा क्रम मुलाला दिसावा म्हणून चित्रांची पट्टी करतात. बाजारात रंगीत तक्ते मिळतात, त्यात सोनेरी केसांचा मुलगा टबात बसलेला असतो. आपल्याकडे टब कुठला? त्यापेक्षा मोबाइलवर घरातलेच फोटो काढावेत: त्याचाच ब्रश, त्याचीच निळी बादली, त्याचीच चप्पल. साध्या चार बाय सहा इंचाच्या प्रिंट पुरतात. एका पट्टीवर चार फोटो, फार तर पाच. उत्साहाच्या भरात बारा लावले की मूल एकही बघत नाही. दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारण 85 सेंटीमीटर असते आणि डोळे त्याच्या दहाएक सेंटीमीटर खाली. म्हणजे पट्टी जमिनीपासून 75 सेंटीमीटरवर हवी. बहुतेक घरांत ती आईच्या डोळ्यांसमोर लागते आणि मग आईच ती वाचते. भिंतीवर सेलोटेपने लावू नका. आपल्या पावसाळ्यात ती सुटते आणि सुटताना रंगाचा पोपडा घेऊन येते. कपाटाचं दार बरं. फ्रिजवरची छोटी लोहचुंबकं या वयाच्या घरात ठेवूच नयेत. ती गिळली जातात, आणि एकाहून जास्त पोटात गेली तर आतड्यात एकमेकांना खेचून गंभीर इजा करतात.

पट्टीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे आपण बोलतो कसं. दीड वर्षाचं मूल एका वेळी एकच सूचना पाळू शकतं. ‘खेळणं ठेव आणि दार लाव’ अशी दुहेरी सूचना अडीचच्या आसपास जमू लागते. आपण मात्र दारातून आत येतानाच ‘चप्पल काढ, हात धू, इकडेतिकडे हात लावू नकोस, आजीला सांग आपण काय बघितलं’ असं एका दमात म्हणतो आणि वर ‘ऐकतच नाही’ अशी तक्रारही करतो. जवळ जायचं, त्याच्या उंचीला वाकायचं, नाव घ्यायचं, एकच गोष्ट सांगायची आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणंच सगळ्यांत अवघड. मनात दहापर्यंत आकडे मोजा. तीनवर पोचायच्या आत तीच सूचना वेगळ्या शब्दांत आणि वरच्या पट्टीत दिली की मुलाला पुन्हा पहिल्यापासून समजून घ्यावी लागते.

दुसरी चूक आपल्या गोड बोलण्यातून होते. ‘आंघोळ करूया का आपण?’ असा प्रश्न विचारला की ‘नाही’ हे अगदी रास्त उत्तर आहे. जिथे नकार चालणार नाही तिथे प्रश्न विचारायचाच नाही. ‘आता आंघोळ. लाल मग घ्यायचा की निळा?’ मग मूल मगाचा विचार करतं आणि आंघोळीचा विषय मागे पडतो. पर्याय दोनच, आणि दोन्ही आपल्याला चालणारे. तीन दिले की ते चौथा मागतं.

दातांवर जरा रेंगाळायला हवं, कारण क्रम मोडतो तो बहुधा इथेच. पहिला दात आल्यापासून दिवसातून दोनदा दात घासायचे असतात. पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती पेस्ट संपावी म्हणून. बेसिनपुढे स्टुलावर उभं केलं की मूल हनुवटी खाली घालतं आणि वरचे दात दिसतच नाहीत. त्यापेक्षा मोठ्याने भिंतीला टेकून बसावं, मुलाचं डोकं मांडीवर घ्यावं, तोंड आढ्याकडे. ब्रश दोन ठेवावेत, एक त्याच्या हातात आणि एक आपल्या. आधी त्याची पाळी. तो चावेल, चोखेल, चालेल. मग आपली, आणि ती दाढांपासून. सगळे समोरचे दात चकचकीत करत बसतात आणि दाढांशी पोचेपर्यंत मुलाचा संयम संपलेला असतो, कीड मात्र दाढांच्या खाचांत बसते. एकच ठरलेलं गाणं म्हणावं. गाणं संपलं की काम संपलं, हे मुलाला दोन मिनिटांपेक्षा कितीतरी चांगलं कळतं.

रात्रीचा क्रम मात्र बघून लावावा लागतो. दात घासून झाल्यावर दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवलं तर घासणं फुकट गेलं. झोपेत लाळ कमी सुटते, दूध वरच्या पुढच्या दातांवर साचून राहतं आणि तेच दात आधी किडतात. म्हणून दूध, मग दात, मग गोष्ट. बाटलीवर झोपायची सवय असेल तर ती एका रात्रीत मोडत नाही. दूध रोज थोडं थोडं अलीकडे सरकवत न्यावं, आधी गादीवरून खुर्चीवर, मग खुर्चीवरून स्वयंपाकघरात.

आंघोळीचं एकच सांगतो, आणि त्यात तडजोड नाही. बादलीत आधी गार पाणी, मग गीझरचं, आणि मूल बसवण्याआधी कोपर बुडवून बघायचं. पण खरा धोका आंघोळीनंतर असतो. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळी येतं, त्यात दुरुस्तीसाठी बंद राहणार असल्याची सूचना आली की घरोघरी बादल्या, पिंप, टब काठोकाठ भरले जातात. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मूल बादलीत वाकलं की डोक्यावर जातं आणि त्याला स्वतःला बाहेर येता येत नाही. बुडायला पाच-सात सेंटीमीटर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. पिंपाला घट्ट बसणारं झाकण, उघड्या बादल्या रिकाम्या किंवा उंचावर, बाथरूमला बाहेरून वरची कडी. घरातल्या कामवाल्या मावशींनाही हे सांगून ठेवावं, कारण लादी पुसायची बादली त्यांच्या हातची असते.

कपड्यांच्या बाबतीत एक युक्ती फार कमी घरांत दिसते. आपण मुलाला चड्डी घालायला शिकवतो ती सुरुवातीपासून: पाय कुठे घालायचा, पुढची बाजू कोणती. तिथेच ते अडकतं, चिडतं, आणि आपल्याला उशीर होत असल्याने आपण ओढून घालून देतो. उलटं करावं. दोन्ही पाय आपण घालून द्यावेत, गुडघ्यापर्यंत चढवावी आणि शेवटचं वर ओढणं त्याच्यावर सोडावं. काम प्रत्येक वेळी त्याच्याच हाताने पूर्ण होतं. ते जमलं की गुडघ्यांऐवजी घोट्यांपर्यंत सोडायचं, मग एक पाय त्याने घालायचा. चपलेच्या पट्ट्याचंही तेच, शेवटचं चिकटवणं त्याचं. अर्थात कपडेही तसे हवेत. घट्ट गळ्याचा टीशर्ट आणि बटणांची जीन्स घालून दोन वर्षांच्या मुलाला स्वावलंबन शिकवायला बसणाऱ्यांविषयी मला फक्त आदर आहे.

पसारा आवरणं पटकन उरकतो. ‘पसारा आवर’ ही सूचनाच नव्हे. ‘गाड्या टोपलीत’ ही सूचना. बाहेर चार-पाच खेळणी, बाकीची माळ्यावर.

शी-शूला दोन वर्षांनंतर, मूल कोरडं राहू लागलं की हात घालावा. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून तेव्हा पाच मिनिटं बसवावं. त्याहून जास्त नको. पाय लोंबकळत असतील तर जोर लावता येत नाही. पायाखाली पाट द्यावा. निम्म्या घरांतलं रडणं एवढ्यानेच थांबतं.

बाहेरून घरी आणणं ही स्वतंत्र विद्या आहे. उपवन तलावाचा काठ असो, नेरुळचं वंडर्स पार्क असो की सोसायटीतली दोन झोपाळ्यांची बाग, ‘चल आता’ म्हटलं की मूल जमिनीवर लोळण घेतं. मिनिटं मोजायची नाहीत, फेऱ्या मोजायच्या. ‘अजून तीनदा घसरगुंडी’, आणि प्रत्येक फेरीला एक बोट मिटायचं. तिसरं मिटलं की उठायचं, चौथी फेरी नाही; एकदा चौथी दिली की बोटांना किंमत उरत नाही. वाटेत करायला एक काम हवं. उंच इमारतींच्या या शहरांत ते आयतं मिळतं: लिफ्टचं बटण. ते दाबायला मिळणार असेल तर मूल बागेतूनही उठतं. फक्त खालच्या वॉचमनकाकांना कल्पना देऊन ठेवावी. त्यांनी प्रेमाने बटण दाबलं तर लिफ्ट वर नेऊन परत खाली आणण्यावाचून उपाय नसतो.

संध्याकाळचा प्रश्न मुलाचा कमी, मोठ्यांचा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात दुपारच्या झोपेसकट 11 ते 14 तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्याला 10 ते 13. दुपारची झोप चारच्या पुढे गेली की रात्रीचे अकरा ठरलेले. पाळणाघरात जात असेल तर तिथे कधी उठवतात ते विचारून घ्यावं. त्यात आई किंवा बाबा ट्रान्स हार्बर लोकलने वाशीहून उभ्याने येऊन साडेआठला दारात उभे राहतात. दिवसभर न भेटलेलं पोर, मग साडेनऊला त्याला हवेत उडवण्याचा कार्यक्रम होतो, आणि मग ‘झोपतच नाही’. उशिरा येणाऱ्याने क्रमातला एक दुवा कायमचा आपल्याकडे घ्यावा, शक्यतो गोष्टीचा. दिवा मंद, पुस्तक एकच, रोज तेच चाललं तरी चालतं. गाडी चुकली तर तो दुवा कोण घेणार हेही ठरलेलं असावं, नाहीतर साखळी तिथेच तुटते.

क्रमाने शिकणाऱ्या मुलाला वाईट क्रमही तितकाच लवकर पाठ होतो. ताट आलं की मोबाइल, हे चार दिवस घडलं की पाचव्या दिवशी मोबाइलशिवाय घास जात नाही, आणि त्यात मुलाचा दोष नसतो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं म्हणणं आहे की दोन वर्षांपर्यंत पडदा नको आणि दोन ते पाच वर्षांत दिवसाला तासाच्या आत. जेवण अर्ध्या तासात आवरावं. उरलं तर ताट उचलावं, पुढचं खाणं दोन-तीन तासांवर असतंच. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आसपास पुरे, त्याहून जास्त झालं तर वरण-भाताला जागा राहत नाही आणि लोह कमी पडू लागतं.

आजी भरवते आणि आई स्वतः खायला लावते यावरून घरात वाद होतात. ते उगाच. माणसागणिक पद्धत वेगळी असते हे मुलाला बरोबर कळतं, आणि ते त्याचा फायदाही घेतं. क्रम मात्र दोघींकडे एकच असावा: हात धुणं, बसणं, खाणं, तोंड पुसणं. एकीकडे फिरत फिरत आणि दुसरीकडे पाटावर, असं झालं की गाडी अडते.

गणपतीला कोकणात जाऊन आलं की दोन आठवड्यांची मेहनत पाण्यात जाते, हे धरूनच चालावं. तिथे अकरापर्यंत आरत्या, वीस माणसं, प्रत्येकाच्या हातात काहीतरी खाऊ. त्या दिवसांत सगळा क्रम ओढत नेण्यात अर्थ नाही. रात्रीचे शेवटचे दोन दुवे तेवढे सांभाळावेत, म्हणजे ब्रश आणि तेच जुनं पुस्तक, आणि ही दोन्ही पिशवीत वरच ठेवावीत. परत आल्यावर रात्री लवकर झोपवायच्या मागे लागू नये, दमछाक होते. आधी सकाळी नेहमीच्या वेळेला उठवायचं, दोन दिवस चिडचिड सोसायची. त्याने दुपार जागेवर येते, दुपारने रात्र. तोवर खिरापतीचा डबा 75 सेंटीमीटरच्या वर.