चिंगी, कुंड्या आणि अंगणातली कण्हेर

औसा रोडवर एका बांधकामाच्या वाळूत सापडलेलं गावठी कुत्र्याचं पिलू म्हणजे आमची चिंगी. घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी तिनं हॉलमधल्या मनी प्लँटचं पान चावलं. तोंडातून लाळेची धार लागली आणि पंजानं ती सारखं तोंड घासू लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी आधी तिचं तोंड पाण्यानं धुतलं. त्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते जिभेत रुततात, असं त्यांनी सांगितलं. पान सोबत नेलं होतं, म्हणून त्यांना लगेच कळलं.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हापासून मी कमी पाण्यावर तगणारीच झाडं लावत आले: कोरफड, स्नेक प्लँट, जेड, अडेनियम, पानफुटी. चिंगीच्या नजरेनं बघितलं तर यातलं एकही चालत नाही. पहिल्या तिघांनी कुत्र्याला उलट्या होतात. अडेनियम आणि पानफुटीचा तर हृदयावरच परिणाम होतो. उलट बोस्टन फर्न आणि कॅलेथिया निर्धोक, पण त्यांना हवेत ओलावा लागतो. आमच्याकडे मे महिन्यात त्यांची पानं कडेनं करपतात.

मग शोधून शोधून स्पायडर प्लँट आणला. त्याची मुळं जाड असतात, पाणी धरून ठेवतात, एखादा दिवस चुकला तरी चालतं. उत्तरेच्या व्हरांड्यात अरेका पाम ठेवला. कोरफडीच्या जागी हॉवर्थिया आली. ती दिसते तशीच, पण कुत्र्याला बाधत नाही. मोगरा आणि तुळस होतीच.

नर्सरीत ऊन किती, पाणी किती हे सांगतात. कुत्र्याचं आपणच विचारायचं, आणि झाडाचं नावही नीट विचारून घ्यायचं. सागो पाम नावाला पाम आहे, पण खरं तर तो सायकस. त्याची बी खाल्ली तर कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. मला तिथं आधी तोच दाखवला होता.

राहिली अंगणातली कण्हेर. हिचं पान, फूल, फांदी, सगळं विषारी, वाळलेलं पानसुद्धा. आत्याबाई रोज तिचीच फुलं देवाला वाहतात. मी काढायचं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तीस वर्षं झाली या झाडाला. शेळीनंसुद्धा कधी तोंड लावलं नाही."

"शेळीला कळतं आत्याबाई, पिलाला कुठं कळतं?"

त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनीच माणूस बोलावून झाडाभोवती कंबरेएवढी जाळी मारून घेतली. आता पहाटे त्या आधी अंगण झाडतात, खाली पडलेली पानं वेचून पिशवीत बांधतात, आणि मगच चिंगीची कडी काढतात.