चौथा खांब

मागच्या मे महिन्यात ओसरीवरचा चौथा खांब उघडा केला. गुडघ्याएवढ्या उंचीवर सुतारमामांनी पटाशी टेकवली, ती लोण्यात जावी तशी आत गेली. मी म्हटलं, "वाळवी का?" तर म्हणाले, "नाय ताई, वाळवी नाय. सिमेंटनं कुजवलाय."

आमचा नारायण पेठेतला वाडा शके १७९६ चा, म्हणजे १८७४ सालचा. देवडीच्या चौकटीवर कोरलंय तसं. १९६१ च्या पानशेतच्या पुरात मागची कच्च्या विटांची भिंत विरघळून गेली, पण सागवानी सांगाडा उभा राहिला. भिंत नंतर पुन्हा घातली. असा वाडा आम्ही मोडकळीला आणला तो हौसेनं. १९८६ साली बाबांनी ओसरीची फरशी बदलून घेतली. जुन्यावरच नवी शहाबादी बसवली, चार बोटं उंच. त्यात खांबांचे दगडी तळखडे गाडले गेले आणि वर खांबांभोवती सिमेंटचा छान गोल कट्टा. तळखडा काय शोभेला असतो? जमिनीतली ओल लाकडापर्यंत पोचू नये म्हणून तो. चुन्यातून ओल निदान बाहेर तरी पडते, सिमेंट तिला कोंडून धरतं. बाबांना दोष देत नाही. तेव्हा सगळेच सिमेंट लावत होते.

विश्रामबागवाड्याच्या सुरूच्या आकाराच्या खांबांकडे लोक माना वर करून बघतात. राहत्या वाड्यांकडे फक्त बिल्डर बघतात. मागच्या खोल्यांतल्या काकू महिना १८ रुपये भाडं देतात, भाडी गोठवणाऱ्या १९४७ च्या जुन्या भाडे कायद्याची कृपा. त्या पैशात खिळेसुद्धा येत नाहीत. पण रात्री दिंडी दरवाजाला अडसर घालतात त्या काकूच, आम्ही नाही. भाऊ नाशिकहून दर दिवाळीला विचारतो, "अजून किती दिवस?"

तर खांब. तुळईला जॅक लावून खालचा दीड फूट कापला. तळखडा मोकळा केला, चक्क कमळाच्या पाकळ्या निघाल्या त्यावर! मी लहानपणी त्यावर बसून भातुकली खेळायचे, साफ विसरले होते. भिंतीचं सिमेंट खरवडून चुना लावायचा ठरला. तो तीन आठवडे पिंपात मुरत होता, गुळाचं पाणी आणि बारीक कापलेला ताग घालून. वाड्याला काकवीसारखा वास. मुंग्या आल्या, काकू वैतागल्या.

सांध्याला जुनंच सागवान हवं होतं. वखारीत मिळालं, कुणाच्या तरी पाडलेल्या वाड्यातलं. एका बाजूला हिरवा ऑइलपेंट, त्यात एक गंजका खिळा. कॅलेंडरचा असणार. मामा तो उपटायला गेले, मी राहू द्या म्हटलं.

आता त्याला काकूंची भाजीची पिशवी असते.