पुरात न पाठवलेला रिपोर्ट

२०१९ चा ऑगस्ट कोल्हापुरात कुणी विसरलेलं नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, आणि पंचगंगा गेली होती ५५ च्या वर. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली. आमची शाखा आठवडाभर बंद.

मी एका फायनान्स कंपनीत आहे. दर सोमवारी १४ शाखांची आकडेवारी गोळा करून, रंग भरून, तक्ते काढून मी पुण्याला रिपोर्ट पाठवतो. त्यात दोन दिवस जातात. त्या सोमवारी तो गेला नाही. मला जिवाला घोर. लाईट आल्या आल्या साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "राहू दे रे, कोण बघतंय? घरचे बरे आहेत ना?"

माणूस चांगला, मनापासून विचारत होता. पण "कोण बघतंय" हे शब्द आजही माझ्या मनातून जात नाहीत.

त्याच आठवड्यात शहरात नळाला पाणी नव्हतं. चहूकडं पूर आणि प्यायला थेंब नाही, कारण शिंगणापूर, बालिंग्याची उपसा केंद्रंच बुडाली होती. मंगळवार पेठेत आम्ही घागरी घेऊन टँकरमागं पळत होतो. शेजारचे काका पाणीपुरवठ्याकडं कंत्राटी फिटर. ते पहाटे जायचे आणि रात्री चिखलानं माखून यायचे. सगळी गल्ली त्यांना एकच विचारायची, "काका, झालं काय मोटारीचं काम?" त्यांना पगार माझ्या निम्मा.

डेव्हिड ग्रेबर या मानववंशशास्त्रज्ञानं २०१३ साली एका लेखात नेमकं हेच मांडलं होतं. नर्स, कचरा उचलणारे, मेकॅनिक उद्या नाहीसे झाले तर हाहाकार उडेल. पण भल्या पगाराच्या कितीतरी नोकऱ्या गेल्या तर कुणाचं काय अडेल? अर्थतज्ज्ञ केन्स तर १९३० मध्येच म्हणाले होते की शंभर वर्षांत आठवड्याला १५ तास काम पुरेल. यंत्रं आली, वेळ वाचलाही. तो माझ्या तक्त्यांसारख्या कामांनी भरून काढला. मला याचा राग येतो, आणि काकांच्या पगाराचा त्याहून जास्त.

वडील उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर होते. रस्त्यानं जाताना एखादं ऑईल इंजिन दिसलं की बोट दाखवून म्हणायचे, "ह्येचं कास्टिंग आमचं." माझ्या मुलीला मी काय दाखवू?

आमच्या शाखेत कर्जासाठी शेतकरी येतात. सातबारा, आठ-अ, फेरफार, एका कागदापायी चार-चार हेलपाटे. करवीर, पन्हाळ्याहून एसटीनं आलेली म्हातारी माणसं बाकावर बसून असतात. या सोमवारी मी रिपोर्टऐवजी साहेबांना मेल पाठवला: हे दोन दिवस मला त्या लोकांचे कागद बघू द्या.

आज गुरुवार. उत्तर यायचंय. काल दुपारी मात्र कळे गावच्या एका आजोबांचा फॉर्म मी भरून दिला.