राधा की भागीरथी? कोरेगावच्या दप्तरात खापरपणजीचा शोध

आमच्या घरात खापरपणजीची दोन नावं चालत आली. आत्या राधा म्हणायची, थोरले काका भागीरथी. लग्नात नाव बदललं असेल, एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. माझं झालं नाही. दोघींची मिळून एक करून टाकली असेल, तर एक बाई आपल्याच घरातून पुसली गेली.

मी पुण्याहून एसटीनं सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावला गेले. रेल्वेनं येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, सातारा स्टेशन शहरात नाही, माहुलीकडे आहे. कोरेगावला मात्र वेगळं स्टेशन आहे.

खरं काम तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात. अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि जमिनीचा जुना सर्व्हे नंबर लिहा. हल्लीच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो, त्यावरून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी, हाती लागत नाहीत. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयातून जमीन एकत्रीकरणाचा नऊ-तीन, नऊ-चार उतारा काढा; त्यात जुना नंबर मिळतो. हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा, तेव्हा त्याआधीचा फेरफार शोधण्यात वेळ घालवू नका.

जुन्या दप्तरात बाईचं नाव शोधत बसलात तर बहुधा रिकाम्या हातानं परताल. नवऱ्याचं नाव धरा. खापरपणजोबांच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात दोन अज्ञान मुलगे आणि पुढे मोडीत ‘अ.पा.क. आई भागीरथी’. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. मोडी वाचणाऱ्या काकांनी ओळीवर बोट ठेवलं तेव्हा मला भरून आलं. दोन लहान पोरं आणि जमीन पदरात घेऊन ती कचेरीपुढे उभी राहिली असणार.

मग राधा कोण? त्यासाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्ममृत्यूंची वही. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही दप्तरं बाहेर निघाली, बरीच स्कॅनही झाली. निघण्याआधी जिल्हा प्रशासनाचं संकेतस्थळ जरूर पाहा. आमच्या गावच्या वहीत मृत्यूच्या पानावर ‘राधा कोम’ आणि पुढे खापरपणजोबांचं नाव. कोम म्हणजे बायको. कारण : प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत आलेली ती साथ सातारा जिल्ह्यातही पसरली होती. त्याच वहीत दोन वर्षं मागे पणजोबांच्या जन्माची नोंद आहे. बापाचं नाव, जात, मुलगा. आईसाठी रकानाच नाही.

गावी चुलत आजींकडे गेले. त्यांच्या सासूनं भागीरथीला पाहिलं होतं. आजींनी देव्हाऱ्यातला एक टाक काढून हातावर ठेवला. चांदीचा, नखाएवढा, झिजून नाकडोळे गेलेले, कडेला हळद बसलेली. मी तो देवीचाच समजत आले होते. “ही थोरली. धाकटीनं करून घेतला. थोरलीचं पोरगं तिनंच वाढवलं, पण ते कुणी बोलायचं न्हाई.” वारलेल्या सवतीचा टाक करून पुजायची चाल पुष्कळ घरांत होती. तुमच्या देव्हाऱ्यात ओळख न लागणारा टाक असेल तर घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारा, पुरुषांना नव्हे.

म्हणजे नावं दोन आणि बायाही दोन. पणजोबा राधाचे, असं मी मानते. पण भागीरथी राधाच्या हयातीतच घरात आली असेल, तर तो तर्क ढासळतो. वंशावळीत मी दोघींची नावं लिहिली आणि राधापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या अजून पाहायच्या आहेत. तर्पणात आईबरोबर सापत्न मातेचंही नाव घेतात, त्यामुळे तिथे कुणी पूर्वज गेले असतील तर कोण सख्खी, कोण सावत्र हे कळू शकतं. जाताना मूळ गाव, कूळ आणि चार पिढ्यांतल्या पुरुषांची नावं कागदावर लिहून न्या. वह्या गावाच्या नावानं उघडतात.