चलन, गम आणि नऊचा भाग

आमचा ऑफसेट छापखाना बुडता बुडता वाचला, याचं श्रेय लोक नव्या मशीनला देतात. वाचवलं ते रोज संध्याकाळी हिशेबाला दिलेल्या कंटाळवाण्या चाळीस मिनिटांनी.

शेजारच्या छापखान्याने भाव पाडून आमची दोन मोठी गिऱ्हाइकं नेली, हे खरं. त्या भावात कागदही निघत नव्हता, हे आजही सांगतो. पण मोठं भोक घरातच होतं. माल गेला की बिल आठवड्याने बने. तोवर जादा लागलेली छपाईची प्लेट, दुसऱ्यांदा केलेलं कटिंग, सगळं विसरलेलं. शिवाय कागदवाल्याला ३० दिवसांत द्यायचे आणि गिऱ्हाईक देणार ९० दिवसांनी. मधले ६० दिवस आपल्या गाठीचे. काम वाढलं की खड्डाही वाढतो, आणि आपण समजतो धंदा जोरात आहे.

रोलर धुवायला कुणाला आवडतं? पण शाई रोलरवर सुकत गेली की रबर चकचकीत आणि टणक होतं, शाई धरत नाही. प्लेटला गम (तिला जपणारा डिंकाचा थर) न लावता जेवायला गेलात तर कोरी जागा शाई ओढू लागते. हे छपाईवाल्याला सांगावं लागत नाही. किर्दीचं, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीचं, मात्र सांगावं लागतं.

आमच्या पहिल्या भागीदाराला हिशेबात फरक निघाला की उलट मजा वाटे. फरकाला ९ ने भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत: ८६४ चे ८४६, फरक १८. तसं नसेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोधायची. जमेची नोंद नावे पडली की फरक दुप्पट येतो. प्रत्येक व्यवहार जमा आणि नावे असा दोनदा लिहायची द्विनोंदी पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितीने १४९४ मध्ये व्हेनिसला छापूनच मांडली होती, तेव्हा छपाई आणि हिशेबाची ही सोयरीक जुनी आहे.

त्या चाळीस मिनिटांचा क्रम आमचा ठरलेला. आधी रोकड मोजायची, किर्दीतली शिल्लक मग पाहायची. उलट केलं तर मोजणी आकड्याकडे झुकते. मग चलनं, म्हणजे मालासोबत दिलेल्या पावत्या, नंबरवार लावायची. मधला नंबर गायब असेल तर एखादं काम बिलाविना गेलंय. शेवटी जॉबकार्डावर, म्हणजे त्या त्या कामाच्या नोंदपत्रावर, किती ताव दिले, किती चांगले, किती रद्दी.

विचारलं नाहीत तरी सांगतो, वसुलीचा फोन कडू लागतो तो उशिरा केल्यामुळे. मुदतीच्या आठवडाभर आधी "बिल मिळालं ना, त्यात काही चूक तर नाही?" एवढंच विचारा. चूक असेल तर तेव्हाच निघते, मुदत उलटल्यावर पैसे अडवायचं निमित्त उरत नाही.

शेजाऱ्याने नेलेल्या दोन गिऱ्हाइकांपैकी एक परत आलंय. निम्मी रक्कम जमा झाल्याशिवाय त्याचं जॉबकार्ड मशीनवर जात नाही.